दोन्ही टोकं

"मॅडम, नेट बंद हाये. अन् तुमी काहून चूप? तुमचंई बंद पडलं का?"

प्लायवूडच्या पार्टिशनमागून हे विचारणारी बाई मोझरीच्या पतसंस्थेत कारकून होती. आवाज बारीक, खोकला मात्र गावंडे सरांचा.

अमरावतीच्या आमच्या क्लासमधून नेटवर्किंगच्या सर्टिफिकेट परीक्षेला बसायचं, तर आधी हे नाटक पार पाडावं लागतं. सर पार्टिशनमागे जाऊन गिऱ्हाईक होतात. आपण इकडे बसून, शोभेचा फोन कानाला लावून, प्रश्न विचारत बिघाड शोधायचा. कधी ते शेंदूरजनाघाटचे संत्र्याचे व्यापारी असतात, कधी नुसतेच चिडलेले. बाई व्हायच्या आधी घसा साफ करतात आणि आपण ओळखू येत नाही, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे.

"हात मांगं, तोंड पुढं!" हे त्यांचं ब्रीद. केबलला हात लावायच्या आधी कारण सांगायचं, तेही मोठ्यानं. दुसरं ब्रीद, "दोन्ही टोकं तपासल्याबिगर निदान नाई." चहा गार आला की चहावाल्याची गॅसपासून कपापर्यंत उलटतपासणी होते. तोवर आमचेही कप गार. एकदा त्यांची मोटरसायकल सुरू होईना, तर आम्हाला उन्हात उभं करून तर्क मांडायला लावले. पेट्रोल संपलं होतं. "मले माईत होतं, तुमाले पाह्यत होतो," म्हणाले आणि गाडी ढकलत निघून गेले. आमचे मोबाइल वर्गात बंद. त्यांचा मात्र टेबलावर उताणा. वाजला की वाक्य अर्धं टाकून बघतात, मग तोंड पाडून, "हां, तर केबल."

मला त्यांनी आधी दोनदा नापास केलं होतं. बिघाड मला सापडायचा, पण मोठ्यानं सांगताना मराठी इंग्रजीत अडकायची आणि इंग्रजी घशात. "कॉन्व्हेंटवाली, लाइट लागला का?" सर सगळ्यांसमोर विचारत. त्यांनी हो म्हटल्याशिवाय परीक्षा नाही, आणि आज शेवटची संधी होती. मनातल्या मनात मी त्यांना जे म्हणायची, ते छापण्यासारखं नाही.

मोझरीची बाई मला कंटाळली. "दुसरं गिऱ्हाईक!" सर ओरडले. या वेळी घसा साफ केला नाही.

"धामणगाववरून बोलून राहिलो. फोन येत नाई."

"कुणाचेच नाही?" मी कसंबसं विचारलं.

"बाकीच्यांचे येतेत. पोरीचा येत नाई. अकोल्याले असते."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. सरांची मुलगी अकोल्याला असते आणि तिनं लग्न त्यांना न विचारता केलं, हे सगळ्या क्लासला ठाऊक होतं.

"रेंज?"

"फुल."

"तिचा नंबर ब्लॉक केलाय?"

"नाई बाप्पा!" हा आवाज कुठल्याच गिऱ्हाइकाचा नव्हता.

"कधीपासून येत नाही?"

"लग्न झालं तवापासून." मग तोच ओळखीचा खोकला. "बोला मॅडम. कारण काय?"

माझ्याकडे एक झणझणीत उत्तर तयार होतं. अकोला इथून दोन तासांवर, आणि हा माणूस आम्हाला तर्क शिकवतो! पण पार्टिशनखालच्या फटीतून त्यांचे पाय दिसत होते. चपला काढून, एकावर एक ठेवलेले, परीक्षेला बसलेल्या पोरासारखे.

"काका," मी मोठ्यानं म्हणाले, "तुम्ही इकडून लावून पाहिला का?"