दादाजीभाऊंच्या जर्मन बांध्या

मुलांनो, आमचे शेजारी दादाजीभाऊ यांच्या धानाच्या शेतातल्या बांध्यांना, एकेका तुकड्याला, जर्मन बोलींची नावं आहेत. उतारावरची बव्हेरियन, तिच्या बाजूची श्वाबिश, मधली सॅक्सन आणि तळ्याकाठची, पाणी साचणारी, ती खालची जर्मन. रोवणीत रोपं लावताना बाया हाका मारतात, "वो शेवंता, बव्हेरियन झाली, चाल सॅक्सनमधी!"

भाऊ ब्रह्मपुरीला कॉलेजात भूगोल शिकवून निवृत्त झाले. मुलगा स्टुटगार्टला, श्वाबिश मुलखात गेला, तेव्हापासून हा नाद. "सपाट मुलखातली ते खालची, डोंगराकडली ते वरची. पंडितायनं तसंच ठरवलं आहे, बाई," असं ते मला समजावतात. एकदा शेवंता चिखलातून म्हणाली, "खालचीले खालची काऊन म्हंता जी? धान तं तिथीच जास्त होते." भाऊ तिला पंडितांचे मतभेद सांगू लागले. तोवर तिची ओळ पुढे गेली होती.

पुण्याच्या एका पाहुण्यांनी आमच्या झाडीबोलीला अशुद्ध म्हटलं, तेव्हा भाऊ शांतपणे म्हणाले, "तुमची बी बोलीच आहे जी. फक्त तिले नौकरी चांगली भेटली."

स्वतः भाऊंना मात्र जर्मनचं एक वाक्य येत नाही. "पक्षी ओळखाले उडता यावं लागते का?" असं वर विचारतात.

दर रविवारी मुलाचा व्हिडिओ कॉल येतो. नात दोन शब्द बोलेल म्हणून भाऊ धुतलेला सदरा घालून बसतात आणि ती लाजून पळते. गेल्या रविवारी मी तिथेच होते. पोरगी पहिल्यांदाच आपणहून समोर आली.

"ओपा, व्हान कोम्श?"

"श्वाबिश!" भाऊ ओरडले. "आयका बाई, 'कोम्श'! असली श्वाबिश!"

पोरगी दचकून पळाली. मुलगा म्हणाला, "बाबा, ते विचारून राह्यली, आजोबा, तुमी कधी येता?"

पडद्यावर तिची रिकामी खुर्ची दिसत होती. भाऊ तिच्याकडेच पाहत राहिले.

"'लवकर'ले का म्हंते रे तिथी?" त्यांनी मुलाला विचारलं. मी म्हटलं, इंग्रजीत सांगा, कळेल तिला.

"नाई बाई. तिच्याच बोलीत पाह्यजे."

दुसऱ्या दिवशी ते बांध्यांमधल्या धुऱ्यावरून मुलानं सांगितलेलं "बाल्ट, बाल्ट" म्हणत चालले होते. मी विचारलं, हा कोणत्या मुलखाचा शब्द?

"मालूम नाई," भाऊ म्हणाले. "तोंडातून बराबर निंगून राह्यला का, तेवढं आयका."