सरळ रेषेतला ‘थांबा’

राहनाळच्या लडकू पाटलानं त्या सीझनला बँजोवाल्यांचं तोंड कायमचं बंद करायचं ठरवलं होतं. साल सत्त्याण्णव. गावोगावच्या हळदी बँजो पार्ट्यांनी पळवल्या होत्या आणि लडकूच्या बापानं, विठूमास्तरांनी, उभा केलेला ब्रास बँड आता मानकोलीच्या हिरामण म्हात्र्याच्या भरवशावर उरला होता. हिरामणच्या मुलाची हळद गाजली तर मानकोली हातात राहणार. नाहीतर क्लॅरिनेट खुंटीला आणि लडकू नारपोलीत पॉवरलूमवर मजुरीला.

"आमची पोरा आता छापील कागद बघून वाजवतील, शेठ," लडकूनं हिरामणला ऐटीत सांगितलं. "बँजोवाल्याच्या बापानं पन असा कागद पाह्यला नसंल."

विठूमास्तर मागे हाताने लिहिलेले कागद ठेवून गेले होते. सारेगमच्या ओळी आणि त्यांच्या वरखाली ‘थांबा’, ‘हळू’, ‘जोरात’. वरचा शब्द फुंकणाऱ्यांचा, खालचा बडवणाऱ्यांचा. बँडमध्ये हे सगळ्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की कागद छापणाऱ्या खलीलला ते सांगावं असं लडकूच्या मनातही आलं नाही.

खलील म्हणजे नारपोलीतल्या लूमवाल्याचा मुलगा. बापाशी भांडून त्यानं कम्प्युटर क्लास काढला होता आणि नोटेशन लिहायचा एक प्रोग्रॅम कुठूनसा पैदा केला होता. सूर मुकाट्यानं बसले, पण सूचना काही केल्या बसेनात. एक शब्द सुराच्या डोक्यावर चढायचा, तर दुसरा घसरून खालच्या ओळीत शिरायचा.

"लडकूभाई, तुमच्या अब्बांचं अक्षर एकदम झकास," खलील घाम पुसत म्हणाला, "पण वाट्टेल तिथं लिवलंय. मी सगळं एका लाइनीत घेऊ काय?"

"घे की. दिसायला पायजे."

आणि दिसलं! सगळे शब्द सुरांच्या वर, एका पट्टीत, शाळेतल्या प्रार्थनेसारखे उभे. कागद इतका देखणा झाला, की लडकू तो बघतच राहिला आणि वाचायचं राहून गेलं. तालीम झालीच नाही, कारण निम्मी पोरं ड्युटीवर होती.

हळदीच्या मांडवात ढोलवाला महादू कागद डोळ्यांजवळ धरून पुटपुटला, "मास्तर, खाली तं काय लिवलाच न्हाय. ढोलाचा थांबा कंचा?"

लडकूनं कागद आता कुठे वाचला; बापाचे खालचे शब्दही वरच जाऊन बसले होते. पण शेजारी हिरामण उभा होता, हातात तोच कागद, पाहुण्यांना दाखवत. चूक कबूल करायची तर आत्ताच, याच्यासमोर. लडकूची जीभ रेटेना.

"कागदाव जा लिवलाय ता समद्यांचा," तो गुरकावला. "कागद सांगल तसा वाजव."

महादूनं कधी लडकूचा शब्द मोडला नव्हता. बँड सुरू झाला, बाया नाचायला लागल्या, नवरीकडचे पाहुणेही माना डोलवू लागले. ढोल टिपेला पोचला आणि ‘थांबा’ आला. एरवी इथं फुंकणारे दम घेत आणि ढोल घुमत राही. आज सगळेच थांबले.

त्या ढोलावर मात करायला नवऱ्याची आत्या गोदूबाई बहिणीच्या कानात बेंबीच्या देठापासून ओरडत होती. तिला कुणी थांबवलं नव्हतं.

"पोरगी बरी हाय गो, पन सोना समदा पॉलिशचा हाय!"

शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेलं. नवरीचा मामा उठला, हिरामणचा भाऊ उठला, हळदीचं ताट उडालं आणि दोन्हीकडचे पिवळेधम्मक होऊन एकमेकांच्या अंगावर धावले. बँडवाले पुढच्या ओळीची वाट बघत उभे.

दुसऱ्या दिवशी समेटाची बैठक बसली. आत्याला दोष द्यावा तर ती आत्या. सोन्याची परीक्षा करावी, तर ते दोन्हीकडच्यांना नको होतं. शेवटी दोन्ही घरांचं एकमत झालं, की सगळा घोळ बँडनं केला. ज्यांनी रात्री एकमेकांच्या बंड्या फाडल्या, ते सकाळी लडकूच्या नावानं एकत्र खडे फोडत चहा प्यायले. याचं लडकूला फार लागलं. बापाचा बँड बुडाला, आणि त्याच्या बुडण्यानं दोन व्याही जोडले गेले.

लग्नाला बँजो आला. तो एकदाही थांबला नाही आणि मांडवात कोण काय बोललं, ते कुणाच्या बापाला ऐकू आलं नाही.