गेंड्याच्या अंगावरचा मोर

मोखाड्यात तहसील कचेरीसमोर उमेशचं झेरॉक्सचं दुकान आहे. तिथं दाखल्यांच्या प्रती मिळतात आणि उमेशची मतं मिळतात. प्रतींना पैसे पडतात. मतं फुकट असतात, पण ती घेतल्याशिवाय गिऱ्हाइकाची सुटका नसते.

"पोलादी नाण्यावरचा रंग आपसूक आलाय की कुणी चढवलाय, ते मी झाकल्या मुठीतून सांगीन," हे त्याचं सगळ्यांत लाडकं मत. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आलेल्या माणसाला या ज्ञानाचा काय उपयोग, हे त्यानं कधी मनावर घेतलं नाही.

जिल्ह्यातल्या नाणेवेड्यांच्या व्हॉट्सॲप गटावर तर त्याचा दराराच होता. कुणी निळसर झाक असलेला जुना रुपया टाकला की भिंगाला हात न लावता उमेशचा निकाल हजर: 'गॅसवर भाजलाय. लाज बाळगा.' विक्रमगडच्या कमलेशचे असे तीन रुपये त्यानं भर गटात सोलून काढले होते. गटाच्या प्रमुख, जव्हारच्या निवृत्त शिक्षिका योगिता मॅडम तेवढ्या विचारायच्या, 'उमेशराव, आधार काय?' उमेश लिहायचा, 'अनुभव.' हा अनुभव त्यानं मोबाईलवर बघून बघून कमावला होता. आपण सगळेच तिथं कमावतो, तेव्हा त्याला हसायचा आपल्याला हक्क नाही. तरी हसू.

शिमग्याला तो बायकोला, रंजनाला, घेऊन जामसरला सासुरवाडीला गेला. जेवण झाल्यावर सासूबाईंनी, म्हणजे माघीबाईंनी, देवाची टोपली खाली काढली. टोपलीत न कांडलेला भात, भातावर देव, आणि देवाच्या पायाशी एक गेंडाछाप चाराणे. बघताच उमेश पानाचा विडा चघळायचं विसरून टोपलीवर ओणवला. पोलादाचं ते साधं नाणं, पण गेंड्याच्या पाठीवर जांभळा, पोटावर निळा, कडेला सोनेरी! जणू गेंडा मोराच्या घरी दत्तक गेला होता.

"आई, हे कशात ठेवता?"

"भातात. सासऱ्यानं ठेवलेला हाय तो, तवापासून भातातच हाय."

झालं. शहाण्या माणसाला एकच उत्तर लागतं, आणि तेही त्याला आधीच ठाऊक असतं. वर्षानुवर्षं भाताच्या उबेत राहून चढलेला नैसर्गिक रंग! अख्ख्या जिल्ह्यात असा दुसरा नग नसणार.

"अहो, ते नाणं आई दर साली..." रंजना बोलू लागली.

"तू मध्ये बोलू नकोस. हा शास्त्राचा विषय आहे."

रंजनानं ताटं उचलली.

"न्या चार दिस," माघीबाई म्हणाल्या. "पन राब पेटायच्या आत परत आना, जावई. त्याच्याबिगर आमी राबाला आग लावत नाय. पावसाआधी राब जळला नाय तं नागली खायला नाय, ध्यानात ठेवा."

आमच्या डोंगरात रोपाच्या जागेवर शेण, पाला, टहाळ अंथरून उन्हाळ्यात जाळतात, तो राब. त्या राखेतच भाताचं नि नागलीचं, म्हणजे नाचणीचं, रोप उठतं. सासूबाईंच्या घरचं वर्ष त्या आगीपासून सुरू होई, आणि ती आग त्या चाराण्यापासून. उमेशनं छातीवर हात ठेवून वचन दिलं. दुसरा हात तोवर फोटो काढत होता.

चार दिवसांचे चाळीस झाले. गटावर रोज नवा फोटो: उन्हातला गेंडा, सावलीतला गेंडा, केळीच्या पानावरचा गेंडा. शेवटी कमलेशनं डाव साधला. 'गॅसवर भाजलाय. लाज बाळगा.'

उमेशचं टाळकं सरकलं. त्यानं भर दुपारी दुकान बंद केलं, घरी आला आणि अख्ख्या गटाला व्हिडिओ कॉल लावला. "नैसर्गिक रंग पोलादाच्या पोटातून येतो. घासून जात नाही. बघा सगळ्यांनी!" असं म्हणून त्यानं भांड्यांचा साबण घेतला, तारेची घासणी घेतली, आणि गेंडा चुलीवरच्या पातेल्यासारखा घासला.

"अहो, ते घासलं की..." रंजना.

"शास्त्र चालू आहे!"

गेंडा धुतला. आधी निळा गेला, मग जांभळा, मग सोनेरी. खाली उरलं टाकसाळीतून कालच निघाल्यासारखं लखलखीत चाराणे. मोबाईलमधली एकवीस तोंडं एकदम फुटली. कमलेश तर हसता हसता पडद्याबाहेर पडला, नुसता पंखा दिसत राहिला. योगिता मॅडम शांतपणे म्हणाल्या, "उमेशराव, साबण कुठला?"

तेवढ्यात दुसरा फोन वाजला. जामसर.

"जावई, परवा राब जाळतो. देवाचा चाराना घेऊन या."

गटावरची अब्रू काय, ती गेली तरी जेवण मिळतं. पण सासूच्या देवाचं नाणं बोडकं करून तो जामसरात कुठल्या तोंडानं शिरणार? आग लागणार नाही, राब तसाच राहणार, आणि पुढं नागली उठली नाही की अख्खं गाव म्हणणार, जावयानं देव घासला!

मग जे सुरू झालं ते कमलेशनंही कधी केलं नसेल. त्यानं चाराणे हळदीत बुडवलं. कांद्याच्या सालीत उकळलं. उकडलेल्या अंड्याबरोबर डबीत कोंडलं. नाणं तसंच राहिलं, डबी मात्र फेकावी लागली. रात्रभर शेणात पुरलं. गेंडा दर वेळी तसाच चकचकीत बाहेर येई, नव्या नवऱ्यासारखा.

शेवटी उमेशनं स्वयंपाकघराचं दार लावलं आणि गॅस पेटवला.

रंजना आतच होती. तिनं एकदा नाण्याकडं बघितलं, एकदा चिमट्याकडं. "त्या कमलेशला तुम्ही शिव्या देता, ते हेच ना?"

"हे वेगळं आहे. हा जीर्णोद्धार आहे."

पहिल्या खेपेला गेंडा काळाठिक्कर पडला. घासला, पुन्हा भाजला. दुसऱ्यांदा नुसता पिवळा, काविळीचा वाटावा असा. घासला. तिसऱ्या खेपेला चिमटा निसटला, नाणं उमेशनं हातानं झेललं, आणि अंगठ्यावर अशोकस्तंभाच्या सिंहांचा फोड उठला. बोट पाण्यात, डोळे गॅसवर, अशा बैठकीत पहाटे गेंड्यावर मोर उतरला. जांभळा, निळा, कडेला सोनेरी. उमेशच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला खोट्या रंगाची मेहनत कळली.

जामसरला पोचले तेव्हा राब रचून तयार होता. घरचे सगळे उभे होते. उमेशनं फोड आलेला अंगठा मुठीत लपवला आणि नाणं सासूच्या तळहातावर ठेवलं.

माघीबाईंनी नाणं उलटंपालटं केलं. कपाळाला आठी पडली.

"जावई, ह्ये काय आनलं?"

"आई, तेच आहे. जसं नेलं तसंच..."

"तसंच कशाला? घासून आनायचा ना!" त्यांनी खाली वाकून चुलीतली राख उचलली. "गेल्या सालचा रंग देवाला चालत नाय. दर साली घासून, चकचकीत करून राबात ठेवायचा. आग लागली का रंग आपसूक चढतो. त्यो रंग चांगला आला का राब बरा जळला, असं सासरा सांगायचा."

सासूबाईंनी चारदा अंगठा फिरवला, आणि त्याच्या दोन दिवसांचा मोर राखेत विरून गेला. मग त्यांनीच काय विचार केला कोण जाणे, नाणं त्याच्यापुढं धरलं. "राहिलंय थोडं. तुमीच घासा. तुमचा हात लागू दे."

फोडाच्या अंगठ्यानं उमेशनं गेंडा घासला. नाणं राबाच्या कोपऱ्यात गेलं, वरून पाला, मग आग. राख निवल्यावर माघीबाईंनी काठीनं उकरून ते बाहेर काढलं. जांभळा, निळा, कडेला सोनेरी. बायकांनी मान डोलावली. राब बरा जळला होता.

परतीच्या जीपमध्ये उमेश बराच वेळ अंगठ्यावर फुंकर घालत बसला. मग म्हणाला, "तुला हे ठाऊक होतं?"

"लहानपणापासून."

"मग सांगायचं नाही?"

"दोनदा तोंड उघडलं होतं."

मोबाईल वाजला. गटावर योगिता मॅडम. उमेशनं निघताना राखेतल्या नाण्याचा फोटो सवयीनं टाकला होता, त्याखाली त्यांनी विचारलं होतं, 'सुंदर! कुणी फसवायला भाजलेलं नाही, पण भाजलेलं तर आहेच. उमेशराव, मग हा रंग नैसर्गिक म्हणायचा की कृत्रिम?'

उमेशनं लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. तोवर कमलेशही 'उमेशरावांच्या अनुभवाच्या प्रतीक्षेत' असं लिहून बसला होता. शेवटी त्यानं मोबाईल बायकोपुढं धरला.

"रंजना, तूच सांग बाई, काय लिहू?"

रंजनानं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि खिडकीबाहेर बघितलं.

"शास्त्राचा विषय आहे," ती म्हणाली. "मी मध्ये बोलत नाही."