कोपरखैरण्याचे सातवाहन

लिफ्टमध्ये पहिल्याच भेटीत त्यांनी मला विचारलं, "आईचं नाव?"

आम्ही त्या दिवशीच कोपरखैरण्याला राहायला आलो होतो. माझ्या हातात गॅसची शेगडी, आणि समोर हा उंच, सडसडीत म्हातारा. मला वाटलं, सोसायटीची काहीतरी पोलीस व्हेरिफिकेशनची भानगड असणार. म्हटलं, "मंगला."

"म्हणजे तुम्ही मंगलापुत्र. मी हांडे, सेक्रेटरी. सामान जिन्यात ठेवायचं नाही."

झालं! त्या दिवसापासून मी मंगलापुत्र. खाली पार्किंगमधून हाक यायची, "ओ मंगलापुत्र, गाडी सरकवा, टँकर आलाय!" वरच्या मजल्यावरचा नायर अम्मिणीपुत्र झाला. वॉचमनच्या आईचं नाव राजकुमारी निघालं, तेव्हापासून तो छाती काढूनच गेट उघडतो.

या सगळ्याला कारण गौतमीपुत्र सातकर्णी. दोन हजार वर्षांपूर्वी पैठणहून राज्य करणारा हा सातवाहन राजा म्हणजे हांडेकाकांचं वेड. काका मूळचे जुन्नरकडचे, त्यामुळे राजा त्यांना घरचाच वाटतो. "त्याचे घोडे तीन समुद्रांचं पाणी प्यायलेत! तीन!" हे रोज ऐकावंच लागतं. काकांची सगळी नोकरी पाणीखात्यात गेली, म्हणून घोड्यांच्या पाण्याचं एवढं कौतुक असावं, अशी माझी आपली शंका. एकदा मी म्हटलं, "काका, समुद्राचं पाणी खारट. घोडे पितील कशाला?" बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

सिकंदराचं तर नावच काढायचं नाही. "तुमचा सिकंदर आला, लढला, परत गेला. आमच्या राजानं शकांच्या नहपानाला लोळवलं आणि त्याच्याच नाण्यांवर आपला छाप मारला. याला म्हणतात कारभार!" याच धोरणाने काकांनी जुन्या कमिटीच्या खुर्च्या, फळा आणि गणपतीचा बॅनर यांच्यावर नवीन कमिटीचं नाव रंगवून घेतलं. बॅनरवर गणपतीच्या कानामागून जुने अध्यक्ष अजून थोडे दिसतात.

एका ठिकाणी मात्र काकांचा आवाज उतरायचा. "आणि हे सगळं आपल्याला कळलं कसं? नाशिकच्या लेण्यात कोरलंय. कुणी कोरवलं? आईनं! गौतमी बलश्रीनं. लेक गेल्यावर. केवढा पराक्रमी लेक, पण म्हातारीनं आवर्जून काय सांगावं? की तो अपराधी शत्रूचाही जीव घ्यायला नाखूश असायचा. आणि आईची सेवा करायचा." मग काका चष्मा पुसायचे आणि टँकरवाल्यावर ओरडायला निघून जायचे.

गेल्या पाडव्याला पार्किंगमध्ये सोसायटीची गुढी होती. काकांचं भाषण ठरलेलं: शालिवाहन शक, सातवाहन, घोडे, समुद्र. मग प्रत्येकाला आईच्या नावाने पुकारून कडुनिंबाचा प्रसाद. सगळ्यांचं झाल्यावर माझ्या बायकोने, वैशालीने, सहज विचारलं, "आणि तुम्ही हो काका? तुमच्या आईंचं नाव काय?"

काका वाटी हातात घेऊन तसेच उभे राहिले. "सरबत घ्या सगळ्यांनी," एवढं म्हणाले आणि जिन्याने वर निघून गेले. लिफ्ट चालू असताना.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. एकटेच राहतात, काकू जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी बंगळुरात.

"मला माहीत नाही," काका आपणहून म्हणाले. "मी रांगत होतो तेव्हा ती गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं. नवी आई चांगली होती हो, उगाच खोटं कशाला बोलू? कागदोपत्रीही तीच आई. पण घरात जन्म देणारीचं नाव कुणी घ्यायचं नाही. 'पहिली' म्हणायचे. पहिलीचं लुगडं, पहिलीची पाटली. मला विचारायची हिंमत आली, तोवर सांगणारं कुणी उरलं नव्हतं. पितृपक्षात गुरुजी विचारतात, आईचं नाव? मी म्हणतो, आई. ते पुढे जातात."

मग हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाची आई मला पाठ आहे, बघा."

मी उठून दोघांसाठी चहा टाकला.

घरी येऊन मी हे सांगितलं आणि वैशालीने मनावर घेतलं. तिने घेतलं की सुटका नाही. गावाचं नाव सांगत सगळीकडे चौकशी केली. तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीची आजेसासू काकांच्याच गावची निघाली. नातवाकडे पनवेलजवळ करंजाड्याला राहते. हे ऐकून काका खूश व्हायचे सोडून घाबरलेच.

"आणि तिलाही आठवत नसलं तर? मग संपलंच की हो!"

कधी गुडघा, कधी टँकर, असं करत टाळत राहिले. शेवटी एका रविवारी मी गाडी काढली आणि त्यांना अक्षरशः आत कोंबलं.

आजी गॅलरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर लसूण सोलत बसली होती. काकांनी वाटेत ओळखीचं लांबलचक भाषण तयार केलं होतं. "नमस्कार, मी हांडे. माझे वडील..."

आजीने डोळे बारीक केले. "सखूचं पोरगं ना रं तू?"

काका पेढ्यांचा बॉक्स छातीशी धरून उभे. "परत म्हणा."

"सखू! ऐकू येत न्हाई व्हय? समदं तोंड तिचंच हाय."

काका तिथेच फरशीवर बसले आणि हमसून हमसून रडले. आजी लसणाच्या हातानेच त्यांची पाठ थोपटत राहिली. मी आपला खाली रस्त्यावरच्या गाड्या बघत होतो, कारण माझंही काही खरं नव्हतं.

परत निघालो. पनवेल येईपर्यंत सातकर्णी नाही, घोडे नाहीत, काही नाही. काका नुसते "सखू, सखू" पुटपुटत होते. मग एकदम माझा दंड धरला.

"गाडी वळवा! ती हसायची कशी, गाणं म्हणायची का, मला काय म्हणून हाक मारायची... काहीच विचारलं नाही मी गाढवानं!"

वळवली. आजीचं दार उघडंच होतं. मान वर न करता तिने लसणाचं ताट बाजूला सरकवून काकांना जागा केली.

"ये, बस," म्हणाली. "सखूचं बी आसंच. निगाले निगाले म्हनायची, आन् पार वेशीपासनं माघारी यायची, बोलायचं ऱ्हायलं म्हनून."