साळवी मॅडमची जागा

साळवी मॅडमना मलंगगडाचा ईसीजी वाचता येतो. डोंबिवलीतल्या त्यांच्या गच्चीवरून संध्याकाळी डोंगररांग निळसर दिसायला लागली की त्या हवेत बोट फिरवत म्हणतात, "हा सुळका बघ. आणि पुढे ठोकाच गायब! ब्लॉक गं, ब्लॉक. डोंगराला पेसमेकर बसवायला हवा." मग चहा निवेपर्यंत पुढचे सुळके वाचत राहतात. अशा वेळी मलाही डोंगर हळूच धडधडल्यासारखे वाटतात.

आम्ही दोघी ठाण्यातल्या एका हॉस्पिटलात रेस्पिरेटरी थेरपिस्ट, लोकांच्या भाषेत व्हेंटिलेटरवाल्या. यंदा आम्हाला हृदयाचे ठोके वाचण्याची आणि बंद पडलेलं हृदय चालू करण्याची परीक्षा सक्तीची झाली. पास झालं नाही तर आयसीयूतलं काम बंद. ओपीडीत बसून लोकांना नळीत फुंकायला लावायचं. मॅडमच्या मते ती काळ्या पाण्याची शिक्षा.

ठोके वाचण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. गाडं अडायचं ते परीक्षेत रुग्ण म्हणून ठेवलेल्या रबरी पुतळ्यापाशी. नाडी लागत नाही म्हटल्यावर आधी छाती दाबायची, हे आता शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. मॅडम मात्र धावत थेट डोक्याशी! "आधी श्वास गं, बाकी सगळं नंतर!" दोनदा नापास झाल्या. शेवटी गच्चीवर उशी दाबायचा सराव करताना मी वैतागले.

"मॅडम, छाती सोडून कायम डोक्याशी काय ठेवलंय तुमचं?"

एरवी त्या हसून उडवून लावतात. या वेळी हसल्या नाहीत.

"आमचे हे गेले ना, तेव्हा सगळे छातीपाशी होते गं. बरोबरच होतं त्यांचं. मी काचेबाहेर. डोक्याशी कोणीच नव्हतं."

मी उशी सरळ केली आणि आम्ही पुन्हा सुरुवात केली.

तिसऱ्या परीक्षेत मॅडमनी आधी छाती धरली. ओठ घट्ट मिटून दणादण दाबत राहिल्या. "जोडीदार आली, आता जागा बदला," परीक्षक म्हणाले. मी छातीवर हात ठेवले आणि मॅडम डोक्याशी गेल्या. पिशवी दाबून श्वास देता देता त्या पुतळ्याच्या कानाशी वाकल्या.

"मी आहे हं इथे. घाबरू नका."

परीक्षक खुशीत मान डोलावत गुण मांडत होते, त्यांना काही ऐकू गेलं नाही. मला गेलं. डोळे भरून आले, पण पुसणार कसे? हात थांबवायचे नव्हते.