बाईंच्या अखेरच्या आठ मात्रा

अर्जदार: श्रीमती वसुधा गोगटे, फिजिओथेरपिस्ट, मुक्काम हुफूफ, सौदी अरेबिया. प्रतिपक्ष: लंडनमधील एक नृत्यमंडळी. दिनांक: गेला शुक्रवार, जुम्म्याच्या नमाजानंतर. साक्षीदार दोन: एक निळी वही, आणि मी, अर्जलेखक दत्ताराम परब. येथील निम्म्या मराठी मंडळींच्या रजा व इकामे, म्हणजे येथे राहण्याचे परवाने, माझ्या लेखणीने मार्गी लागले आहेत, हेही नमूद करतो.

वसुधाताई व्यायाम संपल्यावर रुग्णाला रंगमंचावरच्यासारखे लवून अभिवादन करायला लावतात. खजुरांच्या बागांचे वृद्ध मालक गुडघा धरून येतात. "यल्ला बाबा, खांदे खाली, मान लांब!" असा हुकूम होतो. बाबा लवतात, आणि बाहेर बसलेले रुग्ण टाळ्या वाजवतात. सूट मलाही नाही. "परब, पोक काढून लिहिलेला अर्ज मंजूर कसा होणार?"

ही शिस्त नृत्ये रचणाऱ्या एका इंग्रज बाईंची. ताई तरुणपणी लंडनच्या इस्पितळात असताना खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्या ताईंच्या हाती आल्या. बॅले म्हणजे राजकन्या, अशी समजूत असलेल्या देशात गिरणीतल्या बायकांचे चालणे, वाकणे, ओझे उचलणे या बाईंनी रंगमंचावर आणले. उठवेना, तेव्हा त्यांनी खुर्चीत बसूनच अखेरचे नृत्य रचले. ताईंनी ते व्यायामाच्या निळ्या वहीत मराठीत टिपले: "डावा हात, पोळी उलटणे. उजवा, चादर झटकणे. दोन्ही, ताक घुसळणे." एका थोर कलावतीची अखेरची कृती आपल्या मातृभाषेत नोंदली गेली, याचा मला अत्यंत अभिमान वाटतो.

आता बाई हयात नाहीत. लंडनची ती नृत्यमंडळी ते नृत्य पुन्हा बसवत आहे आणि शेवटच्या आठ मात्रा हरवल्याचे सांगत आहे. ताईंनी त्यांना कळवले, "त्या माझ्याकडे आहेत." मंडळीने पुरावा मागितला.

"वहीची प्रत पाठवली?"

"पाठवली. त्यांनी भाषांतर करवून घेतलं. म्हणतात, ही स्वयंपाकाची कृती आहे."

"ताई, ही मानहानी! श्रेय, नाव, जाहीर माफी, सगळे मागतो."

"नाव नकोय हो मला."

"मागणीचा रकाना रिकामा ठेवता येत नाही."

तेव्हा ताई माझ्यासमोरच्या खुर्चीत बसल्या आणि मात्रा मोजू लागल्या. सातव्या मात्रेपर्यंत उजवा हात सावकाश पुढे आला. आठवीला तिथेच थांबला.

"संपले?"

"नाही. इथे बाई थांबायच्या. मग मी हात धरून त्यांना उभं करायची. त्या म्हणायच्या, उठणं हीच शेवटची हालचाल. ही माणसं नाचणारीला एकटीलाच बसवून पडदा पाडणार आहेत, परब."

हात तसाच पुढे होता. मी लेखणी ठेवली आणि तो धरला. ताई उभ्या राहिल्या. पुढचा मजकूर त्यांना सांगावा लागला नाही.

सबब विनंती की, सदर नृत्यात खुर्चीपाशी दुसरी एक व्यक्ती उभी करावी व आठव्या मात्रेला तिने तो हात धरावा. ती व्यक्ती कोण, हे जाहीर न केल्यास अर्जदाराची हरकत नाही. लेखी उत्तर प्रयोगापूर्वी मिळावे.