हवेला बसू द्या

भिवंडीत ट्रकच्या चाकांत हवा भरायला कुठेही पाच-दहा मिनिटं लागत. बाळारामदादांकडे त्यावर आणखी अर्धा तास लागे. हवा भरून झाली की तिला 'बसू द्यायचं', असा त्यांचा कायदा होता. कुणी त्याआधी गाडी सुरू केली तर दादा डाव्या पायाने लंगडत जाऊन सरळ ट्रकपुढे उभे राहत.

"उस्ताद, बैठो. हवा गरम है, अभी नाप झूठा बोलेगा!"

ड्रायव्हर शिव्या घालत, हॉर्न वाजवत, मालकाचं नाव सांगून धमकावत. दादा तोवर बाकडं पुसून माठातलं पाणी घेऊन आलेले असत.

कल्याण रस्त्यावर कोन गावाच्या अलीकडे त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार बांबूंवर टाकलेला पत्रा आणि त्याखाली धडधडणारा कॉम्प्रेसर. कॉम्प्रेसरमधून टाकीत जाणाऱ्या नळीला त्यांनी गोणपाट गुंडाळलं होतं, आणि दर थोड्या वेळाने ते त्यावर तांब्याने पाणी ओतत. पिंडीवर अभिषेक करावा इतक्या भक्तीने.

मी तेव्हा, सत्तरच्या दशकात, गावातल्या एका शाळेत नवा विज्ञान शिक्षक होतो. साताऱ्याकडचा, बी.एस्सी., आणि हे समोरच्याने विचारायची वाट न बघता सांगणारा. सायकलमध्ये हवा भरता भरता मी त्या अभिषेकाचं कारण विचारलं.

"दाबलं का तापलं," दादा म्हणाले. "आनि तापलेली हवा जागा जास्त खाते. निवली का तेवढ्याच टाकीत जास्त मावते. समजलं का, मास्तर?"

मी समजल्यासारखी मान हलवली. आता माझ्या भाच्याने टर्बोची गाडी घेतली आहे. टर्बो हवा दाबून इंजिनात कोंबतो, त्यात ती तापते, म्हणून वाटेत तिला गार करायला जाळी बसवलेली असते. भाचा त्या जाळीचं इंग्रजी नाव फार ऐटीत सांगतो. मला मात्र तिथे ओलं गोणपाट दिसतं.

'दाबलं का तापलं' हे दादांचं एकूणच जगाबद्दलचं मत होतं. लूमच्या कामगारांनी संप केला, दाबलं का तापलं. बायको दोन दिवस बोलत नाही, दाबलं का तापलं. एकदा कुकरची शिट्टी उडून पत्र्याला लागली, तेव्हाही त्यांनी शांतपणे तेच सांगितलं.

त्या वर्षी माझी नोकरी कायम व्हायची होती. तपासणीला साहेब येणार, माझा पाठ बघणार, आणि पाठ पडला तर मी बिस्तरा गुंडाळून परत साताऱ्याला. घरी वडील अंथरुणाला खिळलेले, धाकट्या दोन बहिणी शिकत होत्या. आठवडाभर माझ्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. पाठ होता उष्णतेवर, आणि मी मुलांना सायकलचा पंप तापतो तो दाखवणार होतो. दुपारी पाठ, म्हणून सकाळीच धापा टाकत पंप मागायला गेलो.

"पंप कशानं तापतो, ते काय सांगनार पोरांना?" दादांनी विचारलं.

"सोपं आहे. दट्ट्या आत घासतो, म्हणून."

दादांनी पंप माझ्या हातात दिला. "मारा पन्नास येळा. मोकळाच."

मारला. पंप जवळजवळ होता तसाच गार.

"आता भोकावर अंगठा दाबा न् मारा."

दहा-बाराव्या दट्ट्यालाच पंपाचं बूड चांगलंच तापलं.

"घासनं दोनी येळा हाय," दादा म्हणाले. "मंग ताप आला कुठनं? पयल्या येळेला हवा पळून गेली. आता तिला पळाया जागा न्हाय. तुमी दाबलात, तुमचा जोर तिच्या अंगात गेला. घाम तुमचा, ताप तिचा."

मी बी.एस्सी. आणि साहेबांपुढे चुकीचं शिकवणार होतो! पंप उचलून निघालो तर दादा आडवे.

"थांबा. पंप तापलाय. निवू दे."

"दादा, उशीर होतोय!"

"तापलेला पंप नेऊन काय दाखवाल? बसा."

मी चरफडत बाकड्यावर बसलो. जाग आली तेव्हा उन्हं वर आली होती आणि डोकं कसं स्वच्छ झालं होतं.

पाठ असा रंगला की साहेबांनी स्वतः कोट काढून पंप मारला. नोकरी कायम झाली. मी पेढे घेऊन दादांकडे गेलो, तेव्हा बाकड्यावर एक ड्रायव्हर घोरत होता आणि त्याचा सुताने भरलेला ट्रक पलीकडे उभा होता. यशाने माणसाला अक्कल फुटते. मी हवा मोजायचं मापक ट्रकच्या चाकाला लावून बसलो, आणि निकाल जाहीर केला.

"दादा, हवा पाच-सात मिनिटांत निवते. पुढे काटा हलतच नाही. मग अर्धा तास कशाला?"

दादांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला, मास्तर," ते कुजबुजले. "हवा निवते हो. मानूस न्हाय निवत. सुरतेपासनं हाकत आलाय. झोप बोललो तर झोपल का? मालक बसलाय बोकांडी. हवेसाठी बसतो बिचारा."

मग डाव्या गुडघ्यावरून हात फिरवत म्हणाले, "मी पन गाडीच चालवायचो. मना कोनी बसवलं न्हवतं."

सायकलचा पंप तर दोन-तीन मिनिटांत गार होतो. विज्ञानाच्या मास्तराला हे कळायला हवं होतं. त्या सकाळी मी बाकड्यावर चांगला तासभर झोपलो होतो.

माझी नोकरी, बहिणींची शिक्षणं, पुढचं सगळं त्या तासावर उभं आहे, असं मला आजही वाटतं. तेव्हा हे दादांना सांगायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. ड्रायव्हर जागा झाला असता. मी पेढ्यांचा पुडा माठाशेजारी ठेवला, तांब्या भरून घेतला आणि गोणपाटावर पाणी ओतू लागलो.